ओळभर ऱ

"फुकटची वस्तू आहे हो ती! तिच्यावर दरोडा घालायला कोण येतंय?"

निशिकांत बऱ्हाटे माइकमधून असं म्हणाला आणि पंचायत समितीचं अख्खं सभागृह हसलं. गटविकास अधिकारी बाई हसल्या, बहात्तर गावांचे ग्रामसेवक हसले, चहावाल्यानंसुद्धा किटली खाली ठेवून हसून घेतलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. हातात नुकताच वाटलेला पेढा होता. तोंडाजवळ नेलेला तो पेढा मी खाली घेतला, कागदात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"काय झालं काका? गोड नको?" शेजारच्या खुर्चीवरून सलमानं विचारलं.

"या माणसाचं नाक कापल्याशिवाय हा पेढा खायचा नाही."

"बघा बरं," ती म्हणाली. "खव्याचा आहे. टिकायचा नाही."

तेवढ्यात बऱ्हाट्यानं वाक्य पुरं केलं. "ज्यांना दुसरा उद्योग नाही त्यांनी असल्या काळज्या कराव्यात!"

पुन्हा हशा. ज्या ग्रामसेवकानं प्रश्न विचारला होता तो बिचारा खाली बसला. त्यानं एवढंच विचारलं होतं, की आम्ही गावाकडून फायली पाठवणार, त्या फायलींतून कुणी लबाड आत शिरला तर?

गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून माझ्या गोष्टी ऐकतात, आणि ही गोष्ट त्यांना मी वेगळी सांगितलेली आहे. लोक माझं बोलणं निम्मं कमी करून घेतात, म्हणून मी आधीच दुप्पट सांगतो. हिशेब बरोबर बसतो. पण आज कमी करू नका. आज मोजून सांगतोय.

मी अच्युत चऱ्होलीकर, टेलिफोन खात्यातला निवृत्त माणूस. निवृत्तीच्या आधीच मला एक नाद लागला होता. मराठीतले जुने कागद संगणकावर ज्या जुन्या टायपांत लिहिलेले होते, ते नव्या यंत्रांवर उघडले की नुसता चिवडा दिसे. तो चिवडा पुन्हा मराठी करणारा प्रोग्राम मी लिहिला. नाव ठेवलं 'पाटी'. बेचाळीस हजार ओळींचा. बरं, आज मोजून सांगायचं ठरलंय: अकरा हजार. आणि तो इंटरनेटवर उघडा ठेवला. उघडा म्हणजे कुणीही घ्यावा, आत कसा चालतो ते वाचावं, चूक दिसली तर कळवावं, हवा तसा बदलावा. अट एकच, की माझं नाव पुसायचं नाही. चौदा वर्षांत आभाराची तीन पत्रं आली. एक बेळगावहून, एक मॉरिशसहून, आणि तिसऱ्यात आभार कमी आणि भाच्याच्या नोकरीचंच जास्त होतं.

बऱ्हाटे खात्यात माझ्या हाताखाली अकरा वर्षं होता. त्याला काम मीच शिकवलं. पुढे त्यानं 'शब्दकोट' नावाची कंपनी काढली, पाटी उचलली, तिला निळा रंग दिला आणि पंचायत समित्यांत नेऊन बसवली. बहात्तर गावांच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी तिच्यातून नव्या मराठीत येणार होत्या. त्या दिवशी उद्घाटन होतं. भिंतीवर पहिलाच पडदा उघडला तो असा: 'संकल्पना व निर्मिती: निशिकांत बऱ्हाटे'. खाली माझं नाव शोधायला मी चष्मा पुसला. दोनदा पुसला.

नाव गेलं ते गेलंच. वर फुकटची वस्तू. वर ज्यांना दुसरा उद्योग नाही ते. तिन्ही गोष्टी मी पेढ्याबरोबर खिशात ठेवल्या आणि घरी गेलो.

सलमा मुजावर पंचायत समितीच्या अभिलेख कक्षात बसायची. नोंदींचं सगळं काम तिच्या एकटीच्या संगणकावर होतं. त्याआधी ती छापखान्यात जुळणीला होती. दर मंगळवारी दुपारी मी तिच्याकडे चहाला जायचो, ती मला जुनी रजिस्टरं दाखवायची आणि माझ्या थापा ऐकायची. दोन वर्षांत तिनं मला एकदाही खोटारडा म्हटलं नाही. यावरूनच मला संशय यायला हवा होता.

त्या मंगळवारी मी आल्याआल्या म्हणालो, "सलमा, मला पाटी फोडायचीय."

"स्वतःचीच?"

"बऱ्हाट्याची म्हण. आतून माझीच आहे ना! मला एखादं भोक पाहिजे. असं, की ज्यातून आख्खा दरोडेखोर आत जाईल. मग भर सभेत त्याला विचारतो, कोण येतंय म्हणून."

ती उठली. कपाटातून एक पितळी वजन काढलं, पेरूएवढं. छापखान्यात कागद दाबायला ठेवतात तसलं.

"आमच्या प्रेसमध्ये नवा कीबोर्ड आला की एक रीत होती," ती म्हणाली. "एकेका कळीवर हे वजन ठेवायचं. ओळभर तेच अक्षर उमटू द्यायचं. कळ अडकते का बघायला. ओळभर क, ओळभर ख, असं सगळं. तशी ओळ पाटीत घातली तर सगळी अक्षरं नीट येतात. एक सोडून."

"कुठलं?"

तिनं वजन एका कळीवर ठेवलं. जुन्या टायपातला आडवा र ओळभर उमटत गेला. 'बऱ्हाटे'मध्ये असतो तो, 'दुसऱ्या'मध्ये असतो तो, मिशीसारखा. ओळ भरली. तिनं ती पाटीत घातली. पडदा दोन क्षण थांबला आणि पाटी मेली. नुसती मेली नाही, मरताना कुठलीशी भलतीच फाईल उघडून गेली.

मी खुर्चीतून उठलोच. कारण मला दिसलं होतं काय झालं ते.

सोपं करून सांगतो. जुन्या टायपातलं एक अक्षर नव्या मराठीत मांडायला जागा जास्त लागते. साध्या अक्षराला तीन खण. मी सढळ हातानं प्रत्येकाला सहा खण राखले होते. पण या मिशीवाल्या र ला लागतात नऊ. रोजच्या वाक्यात तो एखादाच येतो, बाकीच्यांच्या उरलेल्या जागेत खपून जातो. ओळभर तोच आला, की ओळ फुगून शेजारच्या खोलीत शिरते. त्या खोलीत यंत्राचे पुढचे हुकूम ठेवलेले असतात. म्हणजे अक्कल असलेला माणूस ओळभर मिशा लिहून शेवटी स्वतःचा हुकूम ठेवून देईल, आणि यंत्र तो मुकाट पाळेल. ज्यांच्या भाषेत हे अक्षरच नाही त्यांना हे भोक जन्मात सापडलं नसतं. ते पाडायलाही मराठीच माणूस लागला.

"सलमा! हे तू आधी का नाही सांगितलंस?"

ती चहात साखर घालत होती. "सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"म्हणजे काय! मी न ऐकणारा माणूस आहे का?"

तिनं एक चमचा जास्तीच घातला.

माझा बेत तिथंच ठरला. तीन आठवड्यांनी ग्रामसेवकांचं प्रशिक्षण होतं, त्याच सभागृहात, त्याच बऱ्हाट्याचं. मी पेनड्राइव्हवर ती ओळ घेऊन जाणार. आणि शब्दकोट सगळ्यांसमोर फुटणार.

"कुठल्या मशीनवर?" सलमानं विचारलं.

"प्रोजेक्टर तुझ्याच मशीनला असतो ना? त्याच्यावर."

तिनं कप खाली ठेवला. "काका, त्या मशीनमध्ये बहात्तर गावं आहेत. जन्मलेली आणि मेलेली. तुमचा सूड व्हायचा आणि इथं एखादा जिवंत माणूस मेलेला निघायचा. मग आपण जिवंत आहोत हे सांगायला तो माझ्याच खिडकीत येणार. बऱ्हाटेसाहेब गाडीत बसून पुण्याला जातील. मी कुठं जाऊ?"

"अगं, एक दिवसाचा प्रश्न..."

"आणि भोक तर आजही आहेच. उद्या कुणी खरंच पाठवली ओळ, तर? आधी दुरुस्ती. मग तमाशा."

"दुरुस्त केल्यावर तमाशाला राहिलं काय?"

"त्यांच्या लॅपटॉपवर राहील की. ते कधी तुमच्या दुरुस्त्या घेतात का? पाटी उचलली तेव्हाची तशीच आहे त्यांच्याकडे, फक्त निळी. त्यांना त्यांच्याच लॅपटॉपवर करायला लावा."

माझ्यापेक्षा ही कपटी असेल असं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

"सहाचे नऊ करायचे," ती म्हणाली. "किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

सतरा दुपारी लागल्या. कारण तोच सहा मी त्रेचाळीस ठिकाणी लिहून ठेवला होता, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कारणानं. एकीकडे सहाचे नऊ केले की दुसरीकडे काही तुटायचं. स्वतःचं चौदा वर्षांपूर्वीचं लिखाण वाचणं फार वाईट. एका ठिकाणी मीच शेरा मारून ठेवला होता: 'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये'. सहाव्या दुपारी मी वैतागलो.

"कुणासाठी करायचं हे? चौदा वर्षांत तीन पत्रं! उद्या ही दुरुस्ती कुणाला दिसणारसुद्धा नाही. काहीच घडलं नाही, हेच तिचं यश. जे घडलंच नाही त्याचे आभार कोण मानतो?"

"बऱ्हाटेसाहेबांसाठी करा," सलमा म्हणाली, आणि जेवणाचा डबा बाजूला सारून पितळी वजन पुढच्या कळीवर ठेवलं. "राग आहे ना? मग चांगला कामाला लावा."

आणि खरं सांगतो, त्या रागावरच मी ते काम ओढलं. एक ठिकाण नीट केलं की मनात म्हणायचो, ही बऱ्हाट्याच्या गाडीची काच. पुढचं ठिकाण, हा त्याचा माइक. विसाव्या ठिकाणापर्यंत त्याचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. उरलेली तेवीस मी निव्वळ हावेनं केली. माझी बायको म्हणाली, तुमच्या खिशाला वास येतोय. मी पेढा काढून अडकित्त्याच्या डबीत ठेवला.

सुडाचा दुसरा भाग मी सलमालाही शेवटी सांगितला. या धंद्यात रीत आहे. प्रोग्राममध्ये भोक सापडलं की जगाच्या यादीत त्याची नोंद होते, नंबर पडतो. भोक दांडगं असलं तर त्याला नावही देतात, वादळांना देतात तसं. मी नोंद तयार केली आणि नाव दिलं: 'बऱ्हाटे भोक'. कारण म्हणून लिहिलं की ते अक्षर या आडनावात येतं. यापुढे जगात कुणीही त्याचं नाव शोधलं की कंपनीच्या आधी भोक दिसणार.

"नोंद उघड करायच्या आधी पाटी वापरणाऱ्या सगळ्यांना कळवायला लागतं ना?" तिनं विचारलं.

"कळवलं. नवी पाटी घ्या, जुनीत भोक आहे, म्हणून. नाव तेवढं नाही सांगितलं."

"बऱ्हाटेसाहेबांना?"

"त्याला कशाला?"

"त्यांनाही पाठवा. नाहीतर उद्या म्हणतील, सरांनी मुद्दाम लपवलं."

"आणि त्यानं वाचून दुरुस्त केलं तर? माझे एवढे दिवस पाण्यात!"

"नाही वाचणार," ती म्हणाली, इतक्या खात्रीनं की मी पाठवून दिलं. तासाभरात उत्तर आलं: 'वा सर! या वयात केवढा उत्साह! चालू ठेवा.' आणि पुढे एक अंगठा.

तो अंगठा पाहून मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

प्रशिक्षणाच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला. खिशात डबी, डबीत पेढा. सभागृह भरलेलं. पुढे टेबलावर दोन यंत्रं, एक सलमाचं आणि एक बऱ्हाट्याचा चकचकीत लॅपटॉप. पडद्याची वायर त्याच्याच लॅपटॉपला. तासभर तो बोलला. मग म्हणाला, "काही शंका?"

मी उठलो.

"अरे, सर! या या," तो म्हणाला. "मंडळी, हे आमचे जुने साहेब बरं का. टेलिफोन खात्यात होतो आम्ही."

"माझी एक फाईल आहे रे निशिकांत. जुन्या टायपातली. तेवढी नव्या मराठीत करून देतोस?"

"का नाही! द्या इकडे."

त्यानं फाईल लावली. पडद्यावर ओळभर मिशा आल्या. ग्रामसेवक हसायला लागले. त्यानं बटण दाबलं. शब्दकोट दोन क्षण थांबला आणि मेला.

"वायर सैल असेल," तो म्हणाला. पुन्हा लावलं. पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मरताना लॅपटॉपच घेऊन गेला आणि पडदा काळा पडला.

"फाईलच खराब आहे सर तुमची."

"असेल," मी म्हणालो. "सलमाच्या मशीनवर घालून बघू."

सलमानं वायर बदलली. तिच्या मशीनवर दुरुस्त पाटी आम्ही आधीच बसवली होती. तीच फाईल लावली, बटण दाबलं. पडद्यावर ओळभर ऱ, ऱ, ऱ, ऱ, एकेक मणी ओवल्यासारखे स्वच्छ. कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली. मागच्या रांगेतून, गेल्या खेपेला प्रश्न विचारणारा ग्रामसेवक ओरडला, "ओ साहेब, तो दरोडेखोर आला वाटतं!"

मग मी बोललो. एकवीस दिवस पाठ केलेलं होतं. भोक काय आहे, त्यातून कोण शिरू शकतो, दुरुस्ती कशी झाली, बऱ्हाट्याला कधी कळवलं आणि त्याचा अंगठा कसा आला, सगळं. शेवटी म्हणालो, "आज सकाळी जगाच्या यादीत याची नोंद उघड झालीय. भोकाचं नाव 'बऱ्हाटे'."

सभागृहात काय हशा झाला म्हणता! मी मनातल्या मनात डबी उघडलीसुद्धा. बऱ्हाट्याचा चेहरा विटकरी झाला होता. गटविकास अधिकारी बाई त्याला म्हणाल्या, "अहो बऱ्हाटे, तीन आठवड्यांपूर्वी याच जागी तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत, कोण येतंय म्हणून."

तो गर्रकन सलमाकडे वळला. "मॅडम, ते उत्तर माझं नाहीच! मी यांना सांगितलं होतं, लोक काय प्रश्न विचारतील त्यांची उत्तरं काढून ठेवा. यांनीच मला ते टाइप करून दिलं. शब्द न शब्द!"

"खरं का हो, मुजावरबाई?"

मी सलमाकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाली, "टाइप मी केलं मॅडम. पण वाक्य माझं नाही. प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्या मूळ लेखकाचंच उत्तर दिलं मी. यात त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? दाखवू का?"

"दाखवा."

पाटीचं एक तक्रारपान आहे इंटरनेटवर. वापरणाऱ्यांनी तक्रार लिहायची, मी उत्तर द्यायचं. उघडं काम म्हणजे तेही उघडंच. तिथलं काही पुसलं जात नाही. सलमानं ते पान काढलं, चार वर्षं मागं गेली आणि अक्षरं मोठी केली, शेवटच्या रांगेला दिसतील एवढी. मग मान वर न करता वाचायला लागली, छापखान्यात मुद्रितं वाचतात तशी, एका सुरात.

"तक्रार. आपल्या पाटीत जुन्या टायपातला आडवा र ओळभर घातला असता पाटी बंद पडते व नको ती फाईल उघडते. यातून कुणी गैरफायदा घेईल असे वाटते. कृपया पाहावे. आपला विश्वासू, स. इ. मुजावर."

थांबली. एक घोट पाणी प्यायली.

"उत्तर. मुजावर साहेब, ओळभर र लिहिणारा माणूस मराठीत अजून जन्माला यायचाय. फुकटची वस्तू आहे ही. तिच्यावर दरोडा घालायला कोण येतंय? ज्यांना दुसरा उद्योग नाही त्यांनी असल्या काळज्या कराव्यात. अच्युत चऱ्होलीकर."

माझं नाव भिंतीवर हातभर उंचीचं झालं होतं. पुसलेलं नाव परत पाहिजे म्हणून मी एकवीस दिवस झुरत होतो, ते असं आलं.

सभागृहात कुणी हसलं नाही. तेवढा एक क्षण. मग बाईंनी विचारलं, "चऱ्होलीकर कोण?" आणि बहात्तर गावांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मी उभाच होतो. बसायची सोय नव्हती. त्यानंतर जो हशा झाला त्यात बऱ्हाटेसुद्धा होता. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला, आणि मला वाटतं त्या दिवसापुरता त्याचा लॅपटॉप वसूल झाला.

बाईंनी हुकूम दिला, की शब्दकोट बंद, दुरुस्त झालेली मूळ पाटी सगळ्या गावांच्या नोंदींना वापरा, लेखकाच्या नावासकट. पुढे सहा महिन्यांत इकडे तिकडे पाच-सहा कचेऱ्यांत कुणी खरोखरच ओळभर र पाठवून पाहिला म्हणे. जिथं जुनी पाटी होती तिथं आठवडाभर काम बंद पडलं. आमच्या बहात्तर गावांत काही झालं नाही. काहीच. त्याबद्दल आभाराचं पत्र आलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी सभागृह रिकामं झालं, खुर्च्या उचलायला माणसं आली, तरी मी तिथंच होतो. सलमा वायरी गुंडाळत होती.

"ते मुजावर साहेब म्हणजे तू?"

"मीच. तुम्हीच साहेब केलंत."

"दोन वर्षं मला दर मंगळवारी चहा पाजलास. एकदा तरी बोलायचंस."

"बोलले होते काका. लेखी." तिनं वायरीला गाठ मारली. "ते उत्तर आलं तेव्हा प्रेसमध्ये मालकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई, मोठ्या माणसांना त्रास देऊ नका, म्हणाले. पाचजण हसले. पुढं महिनाभर मला सगळे 'ओळभर' म्हणायचे. ओळभर, चहा आण. ओळभर, दार लाव."

"आणि आज?"

"आज बहात्तर. बाई धरून त्र्याहत्तर."

"मग माझ्यावर सूड घ्यायचा तर बऱ्हाट्याच्या तोंडून कशाला?"

"मी परत सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतंत. तुमचंच वाक्य होतं ते. पण दुसऱ्याच्या तोंडून आलं तेव्हा कसं झोंबलं! त्रेचाळीस ठिकाणं नीट केलीत." ती पहिल्यांदा हसली. "मला ती येत नव्हती करायला. मला भोक दिसतं, बुजवता येत नाही. बुजवणारा माणूस चिडायला पाहिजे होता."

मी खिशातली डबी काढली. पेढा लाकडाचा झाला होता. नाक तर कापलं गेलं होतं, शपथ पुरी करणं भाग होतं. चावलो. डावीकडचा दात गेला. गावात तो दात मी निरनिराळ्या नऊ प्रकारे पाडलेला आहे, त्यातले दोन बिबट्याचे आहेत. पण खरा हा.

"त्या जगाच्या यादीतलं नाव बदला आता," सलमा म्हणाली.

मी तोंडावर रुमाल धरला होता. "मुजावर करू?"

"माझं नाव भोकाला नको. दुरुस्तीला लावा."

"मग भोकाला कुणाचं? ज्याच्या आडनावात ते अक्षर आहे त्याचंच लागतं. कारण तसं लिहून बसलोय मी."

तिनं पितळी वजन पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला लावली आणि दारापाशी जाऊन वळली.

"तुमचं आडनाव एकदा लिहून बघा, काका."

तेव्हापासून पाटी उघडली की खाली एक ओळ येते: 'मुजावर दुरुस्तीसह'. आणि जगात कुणीही 'चऱ्होलीकर' असं शोधलं, की आधी भोक दिसतं, मग मी.